ऋतुवस्त्राचें धुणें

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत शुद्ध आर्तवाचें लक्षण सांगितलें आहे. तें सशाच्या रक्तासारखें किंवा लाखेच्या रसासारखें असावें, एवढें सांगून सुश्रुताचार्य थांबत नाहींत. त्यानें वस्त्र रंगूं नये, अशी आणखी एक कसोटी ते घालतात. धुतल्यावर ज्याचा डाग वस्त्रावर राहत नाहीं तें शुद्ध, असा तिचा अर्थ टीकाकारांनीं केला आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानांत हीच रीत निराळ्या प्रसंगीं येते. शरीरांतून वाहणारें रक्त जीवरक्त आहे कीं पित्तानें दूषित झालेलें आहे, हें ठरवावयाचें असेल तर पांढरें वस्त्र त्यांत भिजवावें, वाळवावें आणि कोमट पाण्यानें धुवून पाहावें. वस्त्र स्वच्छ झालें तर जीवरक्त, डाग राहिला तर पित्त. म्हणजे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीं या देशांतील वैद्यकशास्त्र रक्तानें भिजलेलें वस्त्र धुवून, उजेडांत धरून पाहा, असें सांगत होतें. त्या वस्त्राची त्याला लाज नव्हती. तें त्याच्या परीक्षेचें साधन होतें.

पुढें मात्र त्या वस्त्राकडे कोणी उघड्या डोळ्यांनीं पाहिलेंसें दिसत नाहीं. महाराष्ट्रांत पैठणीवर लिहिणारे झाले, पागोट्याच्या पेचांवर लिहिणारे झाले, नऊवारी लुगड्याच्या कांठांवर तर पुष्कळांनीं लिहिलें. पण तेंच लुगडें विरल्यावर ज्या कामासाठीं फाडलें जाई, त्या कामाविषयीं सारे मुके. अशा विषयाला हात घालतांना प्रारंभीं वाचकांची क्षमा मागण्याची चाल आहे. ती आम्ही पाळीत नाहीं. घरांतील निम्म्या माणसांना आयुष्याचीं तीस-पस्तीस वर्षें, दरमहा चार-पांच दिवस जें काम करावें लागतें, त्याचा उच्चार करण्यास क्षमा कसली मागावयाची?

वैदिक वाङ्मयांत रजस्वलेला जो शब्द आहे, तोच मुळीं वस्त्रावरून आलेला आहे. ‘मलवद्वासस्’ म्हणजे जिचें वस्त्र मळलेलें आहे अशी. तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडांत याची कथा आहे. इंद्रानें त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप याला मारलें; त्या ब्रह्महत्येचें पातक त्यानें पृथ्वी, वृक्ष आणि स्त्रिया यांना वांटून दिलें; आणि स्त्रियांच्या वांट्याला आलेला तृतीयांश म्हणजे हा मळलेल्या वस्त्राचा काळ. त्या काळांत तिच्याशीं बोलूं नये, तिच्याजवळ बसूं नये, तिच्या हातचें खाऊं नये. तिनें तीन रात्रीं स्नान करूं नये, तेल लावूं नये, केस विंचरूं नयेत, अशी पुढें यादी आहे. पातक इंद्राचें आणि प्रायश्चित्त बायकांना, या न्यायाविषयीं आतां बोलून कांहीं उपयोग नाहीं. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्या यादींतील स्नानाचा निषेध सर्वांत महत्त्वाचा. जिला अंगावर पाणी घेण्यासहि मनाई, तिचें वस्त्र तीन दिवस कोणत्या पाण्यांत धुतलें जाणार?

सभापर्वांतील द्रौपदी रजस्वला होती आणि एकवस्त्रा होती, हें कीर्तनकार सांगतात खरें. पण सांगून झटकन पुढें जातात. दुःशासनानें ज्याला हात घातला तें त्या दिवसांतलें तिचें एकमेव वस्त्र होतें. भारतीय वाङ्मयांतील सर्वांत प्रसिद्ध वस्त्र हें असें एका मलवद्वाससेचें वस्त्र आहे. आमचे चित्रकार मात्र तें नेहमीं जरीकांठी आणि निष्कलंक रंगवितात.

धुण्याच्या शास्त्राविषयीं आमचे स्मृतिकार अनभिज्ञ होते, असें मुळींच नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत रेशमी व लोकरी वस्त्रें खारट मातीनें, कांबळीं रिठ्यानें, तलम अंशुपट्ट बेलफळानें आणि क्षौम पांढऱ्या मोहरीनें शुद्ध करावें, असा तपशील दिलेला आहे. आठव्या अध्यायांत परिटानें शाल्मलीच्या गुळगुळीत फळीवर हलक्या हातानें धुवावें, एकाचे कपडे दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळूं नयेत व ते कोणाला नेसावयास देऊं नयेत, असा नियम आहे. कौटिल्य याहून करडा. फळी किंवा गुळगुळीत शिळा सोडून भलतीकडे कपडे आपटणाऱ्या परिटाला तो सहा पण दंड सांगतो, आणि मुद्गराची खूण असलेल्या वस्त्राखेरीज दुसरें वस्त्र परिटानें अंगावर घातलेलें आढळल्यास तीन पण. बेलफळापासून दंडाच्या पणांपर्यंत एवढा बारकावा. पण मनूच्या त्या यादींत घरोघरीं दरमहा लागणाऱ्या या फडक्याला मात्र जागा नाहीं.

गांवगाड्यांत परीट हा बलुतेदार. बाळंतिणीचे व बाहेर बसलेल्या स्त्रियांचे वरचे कपडे त्याच्याकडे जात, आणि त्याच्या जातीला खालची पायरी देतांना हेंच कारण लोक पुढें करीत. मळविणारा सोंवळा आणि धुणारा ओंवळा, हा न्याय आमच्या समाजाला फारसा खटकला नाहीं. त्याच जातींत १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं गाडगेबाबा जन्मले, आणि पुढें हातांत खराटा घेऊन त्यांनीं साऱ्या महाराष्ट्राची झडती घेतली, यांत काळाचा कांहीं विनोद असावा. असो.

परंतु अंगाशीं घेतलेली घडी परिटाच्या गांठोड्यांत जात नसे. ती ज्या बाईची तिनेंच धुवावी, तिनेंच वाळवावी आणि तिनेंच लपवावी, असा अलिखित दंडक होता. ही घडी बहुधा जुनेराची असे. नव्या कापडाला खळ असते. तें ओल लौकर पीत नाहीं आणि अंगाला टोंचतें. उलट पांचसात वर्षें धुवून विरलेलें सुती लुगडें सायीसारखें मऊ होतें व पाणी चटकन शोषून घेतें. म्हणून घरांतील जाणती बाई जुनें लुगडें मोडतांना त्याची वांटणी करी. धड राहिलेला भाग गोधडीला, विरलेला भाग बाळाच्या दुपट्यांना व लंगोटांना, आणि त्यांतूनच कांहीं फडकीं मुकाट्यानें बाजूला. असें फडकें कित्येक पदरी दुमडून कमरेच्या नाडींत पुढेंमागें खोंवीत. नऊवारी लुगड्याचा कासोटा वरून आंवळलेला असे, त्यामुळें घडी जागची हालत नसे. पुढें पांचवारी गोल पातळ आलें तेव्हां हा आधार गेला आणि सारा भार एकट्या नाडीवर आला. पातळाच्या सोईविषयीं आणि सौंदर्याविषयीं जे वाद झाले, त्यांत ही गोष्ट बोलली गेली नाहीं. कारण वाद घालणारे बहुतेक पुरुष होते.

घडी धुण्यास प्रथम पाणी पाहिजे, आणि खरी अडचण तिथेंच होती. बाहेर बसलेल्या बाईनें आडाला शिवावयाचें नाहीं, हंड्याला हात लावावयाचा नाहीं. दुसऱ्या कोणी उंचावरून ओतलेलें पाणी तिनें घ्यावयाचें. म्हणजे ज्या दिवसांत तिला पाण्याची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवसांत तें दुसऱ्याच्या हातून व दुसऱ्याच्या सवडीनें मिळणार. रक्ताचें कापड तांब्याभर पाण्यांत निघत नाहीं; पिळलेलें पाणी निवळ येईपर्यंत तें पुनःपुनः खळबळावें लागतें. सासू किंवा जाऊ मनाची मोठी असली तर पाणी मिळे. नसली तर घडी अर्धीमुर्धी धुतली जाई, वाळल्यावर पापडासारखी कडक होई आणि मांड्यांना काचे. मांड्या सोलवटलेल्या असतांना चौथ्या दिवशीं न्हाऊन पुन्हां दळणाला बसणाऱ्या बायकांचें दुःख कोणत्याहि ओंवींत नोंदविलें गेलें असेल, तर तें आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. घाटावरच्या दुष्काळी मुलखांत, जिथें पिण्याचें पाणीच कोस-कोस डोक्यावरून आणावयाचें, तिथली गोष्ट तर बोलावयासच नको.

तरीहि या बायकांना धुण्याची विद्या पुष्कळच बिनचूक अवगत होती, हें आम्हांस मुद्दाम नमूद करावेंसें वाटतें. रक्ताचा डाग काढण्याचें इंगित थोडक्यांत असें कीं, पाणी गार असावें आणि उशीर करूं नये. रक्तांतील तांबडें द्रव्य हें लोहयुक्त प्रथिन आहे. अंड्याचा पांढरा भाग जसा उष्णतेनें गोठतो, तसें तेंहि कढत पाण्यांत गोठतें आणि सुताच्या तंतूंना धरून बसतें. मग राहिलेला तपकिरी डाग कापड फाटेपर्यंत सोबत करतो. गार पाण्यांत तें गोठत नाहीं, विरघळून निघून जातें. पाण्यांत चिमूटभर मीठ असलें तर काम आणखी सुकर होतें, आणि खाराच्या योगानें प्रथिन सुटें होतें. पहांटे उठून, घडी गार पाण्यांत भिजवून, मग तिला राखेचें पाणी लावणाऱ्या बाईला यांतील एकहि शब्द ठाऊक नव्हता. पण क्रम तिचा बरोबर होता. चुलींतली राख रात्रभर पाण्यांत कालवून ठेवून वरचें निवळ पाणी घेतलें कीं घरच्या घरीं खार तयार होई. कोणी पापडखार वापरी, कोणी रिठे कुटून त्यांचा फेस काढी. रिठ्याचा फेस मळ उचलतो. रक्त तोडण्याचें काम मात्र राखेचा खारच अधिक करतो. परिटाच्या भट्टींत कपडे खाराच्या पाण्यांत भिजवून वाफेवर उकडीत. गार पाण्यांत आधीं न काढलेला रक्ताचा डाग त्या वाफेनें कायमचा पक्का झाला असता; तेव्हां ही घडी त्या गांठोड्यांत गेली नाहीं, हें लाजेमुळें झालें असलें तरी कापडाच्या दृष्टीनें बरेंच झालें. चरकाचें पाणीहि कोमट आहे, कढत नाहीं, याकडे वाचकांचें लक्ष गेलें असेलच.

धुणें असें बरेचसें शहाणपणाचें असतां सारा बिघाड झाला तो वाळविण्यांत. ओलसर, उबदार आणि अंधाऱ्या जागीं बुरशी वाढते. कडक ऊन आणि वारा तिला वाढूं देत नाहींत. ही गोष्ट लोणच्याच्या बरणीपुरती प्रत्येक घरांत ठाऊक होती. मिरच्या, पापड, गाद्या, ग्रंथांच्या पोथ्यासुद्धां वर्षांतून एकदां उन्हांत पडत. घडीला मात्र ऊन दाखवावयाचें नाहीं. ती वाळे गोठ्याच्या आढ्याला, जिन्याखालच्या खुंटीवर, लांकडांच्या राशीमागें, किंवा दांडीवरच पण दुसऱ्या ओल्या लुगड्याच्या पोटांत. तिच्यावर पुरुषाची नजर पडूं नये हें एक कारण; दुसरें करणीचें भय. असें फडकें वैरिणीच्या हातीं लागलें कीं कूस बंद झालीच म्हणून समजावें, अशा समजुतींनीं कित्येक बायकांनीं तें दगडाखालीं दडपून ठेवलें. कोंकणांत तर पावसाचे चार महिने बाहेर कांहीं वाळतच नाहीं. त्या दिवसांत घरांतली एकुलती एक कोरडी व उबदार जागा म्हणजे चुलीवरची. आणि नेमकी तीच जागा सोंवळ्याची. भाद्रपद शुद्ध पंचमीला आमच्या आयाबहिणी रजोदोषाच्या प्रायश्चित्तासाठीं आघाड्याच्या काड्यांनीं दांत घासून, बैलाच्या कष्टाचें अन्न वर्ज्य करून ऋषींची पूजा करीत; आणि ज्या गोष्टीचें हें प्रायश्चित्त, तिचें फडकें त्याच वेळीं जिन्याखालीं चौथा दिवस ओलें लोंबत असे.

या विटाळाला विरोध कोणी केलाच नाहीं असें नाहीं. तेराव्या शतकांत चक्रधरस्वामींनीं आपल्या परिवारांतील स्त्रियांना हा विटाळ पाळूं दिला नाहीं. शरीराच्या इतर द्वारांतून जशीं द्रव्यें स्रवतात तसेंच हेंहि एक, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या शतकांत चोखामेळ्याच्या सोयराबाईनें देहाचा विटाळ मानणाऱ्यांना सरळ प्रश्न केला कीं, ज्याला विटाळ म्हणतां त्यावांचून जन्मलेला देह कोणता? हा प्रश्न विचारणारी बाई दुहेरी विटाळ सोसत होती, एक जातीचा आणि एक देहाचा. तिच्या प्रश्नाला उत्तर कोणी दिलें नाहीं, अभंग मात्र भक्तिभावानें म्हटला. वाळवण्याची दोरी अंधारांतच राहिली.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें डॉक्टरकीची पदवी मिळविली, ती आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. सुश्रुताचा धागा पुन्हां हातीं धरणारी ही पहिली मराठी स्त्री पुढच्याच वर्षीं, बाविसाव्या वर्षाच्या आंतच निवर्तली. त्या जगत्या आणि कोल्हापुरास त्यांनीं दवाखाना चालविला असता, तर धुण्या-वाळविण्याचा विषय निदान स्त्रियांत तरी चाळीस वर्षें आधीं बोलला गेला असता, असें आम्हांस राहून राहून वाटतें. तो छापून बोलण्याचें धैर्य पुढें रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं दाखविलें. १९२७ सालीं सुरू केलेलें ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनीं १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, एकहातीं चालविलें, आणि शरीराविषयीं सरळ शब्दांत लिहिल्याबद्दल अश्लीलतेचे खटले सोसले.

विलायतेंत याच सुमारास निराळें वळण लागत होतें. तिकडच्या बायकाहि जाड विणीच्या कापडाच्या घड्या पट्ट्याला टांचून वापरीत आणि झांकणाच्या बादलींत गार पाण्यांत भिजवून ठेवून धुवीत. १८८० नंतरच्या दशकांत बर्मिंगहॅमच्या साउथॉल कंपनीनें एकदां वापरून जाळून टाकण्याच्या घड्या विकावयास काढल्या. त्यांच्या जाहिरातींत मुख्य मुद्दा असा होता कीं, यांना धुण्याच्या खर्चाइतकाच खर्च येतो, आणि प्रवासांत त्यांची फार सोय होते. टाकाऊ घडीचा जन्म असा परटिणीच्या बिलाशीं स्पर्धा करीत झाला, आरोग्याच्या चिंतेनें नव्हे. अमेरिकेंत जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनें १८९६ सालीं अशाच घड्या काढल्या, पण दुकानांत जाऊन त्या मागावयाच्या कशा, या संकोचानें त्या फारशा खपल्या नाहींत. पहिल्या महायुद्धांत जखमा बांधण्यासाठीं लांकडाच्या लगद्याचा एक कापूस निघाला. तो परिचारिकांनीं आपल्या कामासाठींहि वापरला, आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या मालाला गिऱ्हाईक पाहिजे म्हणून १९२० सालीं कोटेक्स बाजारांत आलें. दुकानदारांनीं काउंटरवर डबे मांडून ठेवले व शेजारीं पैसे टाकावयाची पेटी ठेवली, म्हणजे बाईला तोंडानें कांहीं बोलावें लागूं नये. लाजेपुढें विलायत आणि आपण सारखेच. त्यांनीं मात्र लाजेसाठीं एक पेटी तयार केली.

आपल्याकडे बदल आला तो साबणाच्या आणि नळाच्या वाटेनें. १८८८ सालीं कलकत्त्याच्या बंदरांत सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. चरबीच्या शंकेमुळें सोंवळ्या घरांत साबणाला बराच काळ मज्जाव होता. १९१८-१९ च्या सुमारास गोदरेजांनीं वनस्पतितेलांचा साबण काढला तेव्हां ती शंका फिटूं लागली. रिठे कुटण्याचे व राख गाळण्याचे श्रम वांचले. नळाचें महत्त्व आम्ही याहूनहि अधिक मानतों. मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० सालीं आलें. आडावर कोण शिवलें हें साऱ्या आळीला कळतें. तोटी कोणी फिरविली हें पाण्याला कळत नाहीं. शिवाय दहा फुटांच्या खोलींत जिथें पांच माणसें निजतात, तिथें बाईला बाहेर बसविणार कोठें? जें काम सुधारकांच्या व्याख्यानांनीं झालें नाहीं तें चाळीच्या अडचणीनें केलें, आणि मुंबईंतल्या कित्येक मराठी घरांत चार दिवसांची बैठक आपोआप सैल झाली. पण चाळीनें एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें काढून घेतलें. गॅलरी एक, ती साऱ्या मजल्याची. तिथल्या दोरीवर घडी लुगड्याच्या पोटांतच वाळत राहिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं, १९४३ पासून कापडावर नियंत्रण आलें, आणि लुगडें मोडण्याऐवजीं दंड घालून नेसण्याची पाळी आली. जुनेरहि दुर्मिळ झालें. तें संकट गेलें. परंतु १९६० नंतर आलेलें दुसरें संकट कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्या स्वस्त झाल्या, टिकाऊ म्हणून गरीब घरांनीं त्या आनंदानें घेतल्या. पण त्या विरल्या तरी पाणी पीत नाहींत. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला सुती जुनेराचा पुरवठा असा आंतून आटला. ज्या बाईला आपण ‘अस्वच्छ कापड वापरते’ म्हणून नांवें ठेवतों, तिच्या घरांत वापरण्याजोगें कापडच उरलें नव्हतें, हें बहुधा कोणी लक्षांत घेत नाहीं.

या मोकळ्या झालेल्या जागेंत विकतची घडी शिरली. व्हिस्पर हें नांव १९८९ सालीं भारतांत आलें, आणि दूरदर्शनवर निळ्या पाण्याचे थेंब टाकून दाखवूं लागलें. रक्त निळें दाखवावें लागतें, यावरूनच काय तें समजावें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें पंधरा ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांत कापड वापरणाऱ्यांचें प्रमाण २०१५-१६ सालीं शेंकडा ६२ होतें, तें २०१९-२१ च्या पाहणींत ५० वर आलें. विकतचें पॅड वापरणाऱ्यांचें ४२ वरून ६४ वर गेलें. कित्येक जणी दोन्ही वापरतात, म्हणून बेरीज शंभराच्या वर जाते. २०१७ सालीं पॅडवर शेंकडा बारा कर बसला, ओरड झाल्यावर २०१८ च्या जुलैंत तो उठला. महाराष्ट्र सरकारनें त्याच वर्षीं ८ मार्चला अस्मिता योजना काढून शाळेंतील मुलींना स्वस्तांत पॅड देण्याची व्यवस्था केली. या सर्व गोष्टी चांगल्याच आहेत. तथापि पॅडाचें पाकीट वांटणें सोपें असतें. मोरी बांधणें, पाणी आणणें आणि मुलींसाठीं उन्हांत दोरी बांधणें कठीण असतें, म्हणून कारभारी लोकांचें मन पाकिटाकडे अधिक ओढतें, असा आमचा संशय आहे.

पाणी नसेल तर काय होतें, याचें उदाहरण दूर शोधावयास नको. मराठवाड्यांतील ऊसतोड कामगारांच्या बायका हंगामाचे पांचसहा महिने फडाशेजारीं पालांत राहतात. उचल आधींच घेतलेली, खाडा केला तर मुकादम दंड कापतो. पहांटेपासून अंधार पडेपर्यंत मोळ्या वाहावयाच्या. घडी बदलण्यास आडोसा नाहीं, धुण्यास पाणी नाहीं, वाळत घालण्यास जागा नाहीं. बीड जिल्ह्यांतील अशा बायकांच्या चौकशीसाठीं २०१९ सालीं सरकारी समिती नेमली गेली. तिला ब्याऐंशी हजारांवर स्त्रियांपैकीं तेरा हजारांवर स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. कारणें एकच नव्हतीं. पण पांढरें जाण्याची, पोट दुखण्याची तक्रार घेऊन गेलेल्या तिशीच्या आंतबाहेरच्या बाईला ‘पिशवी काढून टाक’ हा सल्ला मिळावा आणि तिला तो सोईचा वाटावा, यांतील ‘सोय’ या शब्दाचा अर्थ ज्याला कळला त्याला हा सारा इतिहास कळला. गडचिरोलींतील माडिया स्त्रिया गांवाबाहेरच्या ज्या कुर्माघरांत जातात, तिथेंहि प्रश्न विटाळाचा जितका, तितकाच पाण्याचा आहे.

२०१८ सालीं ओडिशांतील एका रुग्णालयाधारित अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुनःपुन्हां वापरण्याचें कापड घेणाऱ्या स्त्रियांत कँडिडा नांवाच्या बुरशीचा संसर्ग अधिक आढळला. आणि त्यांतहि ज्या घडी घराच्या आंत वाळवीत किंवा संडासांत लपवून ठेवीत, त्यांच्यांत तो विशेष होता. निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग उचलून कापडाला दोष देणें सोपें आहे. दुसरा अर्धा वाचला म्हणजे जिन्याखालची खुंटी आठवते.

अलीकडे कापडाची घडी पुन्हां नव्या रूपानें येत आहे. ऑरोव्हिलच्या इको फेम या संस्थेनें २०१० पासून धुवून वापरण्याचीं शिवलेलीं पॅड काढलीं. गूंज ही संस्था शहरांतलें जुनें सुती कापड गोळा करून, धुवून, त्याच्या घड्या खेड्यांत पोंचविते. या नव्या आवडीला कचऱ्याचेंहि कारण आहे. प्लॅस्टिकचा थर असलेलें पॅड कुजत नाहीं, आणि तें उघड्या हातानें निवडावें लागतें कचरावेचक बाईलाच. पुण्यांत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनें असें पॅड कागदांत गुंडाळून वर लाल ठिपका काढा, अशी नागरिकांना विनवणी केली. ठिपका काढण्याची दगदग न सोसणाऱ्या सुशिक्षित घरांचें सोंवळें आणि परिटाला ओंवळा ठरविणाऱ्या जुन्या घरांचें सोंवळें, यांत फरक कितीसा आहे, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

या शिवलेल्या घड्यांच्या सोबत धुण्याची रीत छापून देतात. ती वाचतांना आमच्या आज्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. वापरलेली घडी लगेच गार पाण्यांत टाकावी; फार तास कुजवूं नये, पाणी बदलावें. मग साबण लावून चोळावी व निवळ पाणी येईपर्यंत खळबळावी, कारण मागें राहिलेला साबणहि त्वचेला खाजवितो. कपडे मऊ करणारीं सुगंधी द्रव्यें घालूं नयेत. त्यांचा थर बसला कीं सूत ओल पिईनासें होतें. हल्लींच्या कांहीं धुण्याच्या पुडींत प्रथिन तोडणारीं विकरें असतात, तीं रक्तावर चांगलीं चालतात. ही कल्पना ऑटो रोम नांवाच्या जर्मन रसायनज्ञानें १९१३ सालीं काढली, पण तिचा प्रसार व्हावयास त्यानंतर अर्धें शतक गेलें. धुतलेली घडी उघड्या उन्हांत, एकपदरी पसरून, खडखडीत वाळवावी आणि कोरड्या सुती पिशवींत ठेवावी. पावसाळ्यांत ऊन नसेल तर ती वाऱ्यावर वाळवून वरून तापलेली इस्तरी फिरवावी. डाग अगोदर गार पाण्यांत पुरता निघालेला असला म्हणजे इस्तरीच्या उष्णतेची भीति उरत नाहीं.